सर्व्हरची चावडी

यवतमाळ जिल्ह्याचाच सातबारा काढायचा कुणी ठरवलं, तर 'इतर हक्क' हा रकाना पानाखाली सांडेल. १८५३ साली निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०२ साली कर्झननं त्याचा कायमचा पट्टा लिहून घेतला, वर्षाला २५ लाख रुपये खंडानं. म्हणजे मालक निजाम, वहिवाट इंग्रजांची आणि नांगरणारा तिसराच. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं. १९०५ साली वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांचे चार केले, तेव्हा वाशीम मोडून पुसद तालुका आमच्या वाट्याला आला आणि जिल्ह्याचं 'वणी' हे नाव जाऊन यवतमाळ झालं. मग मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. यातल्या एकाही फेरफाराची नोटीस गावात कुणाला मिळाली नाही, की हरकत घ्यायला कुणी पंधरा दिवस दिले नाहीत.

एवढं पचवलेल्या जिल्ह्याला संगणकाची भीती वाटायचं खरं तर कारण नव्हतं.

पूर्वी सगळं पटवाऱ्याच्या दप्तरात असे. त्याला नंतर तलाठी म्हणायला सांगितलं, आणि आता सरकारी कागदावर तो ग्राम महसूल अधिकारी झाला आहे. गावात तो पटवारीच. त्याच्या लाल फडक्यात गावाचे २१ नमुने बांधलेले असत. सहा नंबरात फेरफार, सातात हक्क, बारात पिकं, आठ-अ मध्ये खातं. बाकीचे नमुने कशाला असतात हे गावाला ठाऊक नव्हतं आणि पटवाऱ्यालाही आठवून सांगावं लागे. त्या दप्तराचा मोठा गुण असा, की त्यातल्या चुकीशी बोलता यायचं. बाजेवर बसून, चहा पाजून, 'पटवारीसाहेब, माह्या बापाचं नाव मारोती, तुम्ही मोतीराम लेहून ठेवलं' असं सांगितलं, की तो चष्मा वर करून बघायचा, आडवी रेघ मारायचा, वर मारोती लिहायचा आणि बाजूला सहीचा कोंबडा काढायचा. हे कायद्यात बसत होतं असं माझं म्हणणं नाही. पण मारोती मारोती व्हायचा.

संगणक पहिल्यांदा आला तो आमच्याकडे नव्हे, नदीच्या पलीकडे. १९८८-८९ साली केंद्र सरकारनं जमिनीच्या कागदांचं संगणकीकरण करून बघायला देशातले ८ जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून निवडला तो वर्धा. झालं, वर्ध्याकडची सोयरीक असलेल्या प्रत्येक घरात चौकशी सुरू झाली.

'पाव्हणे, तुमचा सातबारा कॉम्प्युटरात गेला म्हणते?'

'गेला.'

'मंग?'

'निंघून नाही राह्यला.'

पुढं योजना वाढत गेली आणि योजनेपेक्षा तिचं नाव वाढत गेलं. २००८ साली ती राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम झाली, २०१६ साली तिच्यापुढं डिजिटल इंडिया लागलं. संगणक बदलले, फॉन्ट बदलले, ई-फेरफार आलं, महाभूलेख आलं. प्रत्येक वेळी नवी यंत्रणा जुन्या यंत्रणेतलं सगळं सामान घेऊन राहायला आली, आणि सामानात चुका आधी भरलेल्या होत्या.

त्या चुका भरल्या कशा, हे समजून घेण्यासारखं आहे. हस्तलिखित उतारा समोर, टायपिंग शिकलेला एक पोरगा मशीनपुढं, आणि पानामागं ठरलेले पैसे. त्या पोराचा जुन्या कागदावरच्या भाषेशी संबंध काय? वऱ्हाडातल्या जुन्या नोंदींत 'अमुक वल्द तमुक' असतं, बायको असली तर 'जौजे', विधवा असली तर 'बेवा'. पोरानं वल्द हे आडनाव समजून टाकलं तर दोष कुणाचा? एका पिढीत गावात वल्दांची अख्खी भावकी तयार होऊ शकते. क्षेत्राचं त्याहून वाईट. दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर. टिंब एक घर उजवीकडं सरकलं, की तेच ८.१० होतं, आणि दोन एकरांचा माणूस जेवता जेवता वीस एकरांचा धनी होतो. शेजारी जळतात, रेशनवाला संशयानं बघतो, आणि त्याच्या वावरात पराटी मात्र दोनच एकरांत उभी असते.

आता ही चूक दुरुस्त करायला बाज आणि चहा पुरत नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ आहे. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचं कलम. अर्ज करा, जुना हस्तलिखित उतारा जोडा, पटवाऱ्याचा अहवाल, आरआयचा अहवाल, मग तहसीलदारांचा आदेश, मग तो आदेश सिस्टममध्ये घेणं. गंमत पुढंच आहे. पोरानं जी कळ एकदा दाबली, ती परत दाबायला आता तीन अधिकारी लागतात. हाताची चूक पटवाऱ्याची असायची, तिला तोंड असायचं. संगणकातली चूक कुणाचीच नसते. ती 'डेटा' असते. तिला क्रमांक असतो, तिचा बॅकअप असतो, आणि सर्व्हर बंद पडला तरी ती सुखरूप राहील याची पुण्याला काळजी घेतलेली असते.

२०१७ साली सरकारनं यावर फार सुंदर उपाय काढला. चावडी वाचन. म्हणजे संगणकातले सातबारे छापून आणायचे, गावाला गोळा करायचं, आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. चूक असली तर लोकांनी तिथंच ओरडायचं. वर्षानुवर्षं संगणकावर खर्च केल्यानंतर तपासणीला शेवटी पारावरची म्हातारी माणसंच उपयोगी पडली. त्यांना अख्ख्या गावाची वंशावळ तोंडपाठ. 'हा नाही तो, हा दुसरा शामराव. पहिला शामराव हरपला, त्याच्या पोरानं विकलं वावर.' असली जोडणी कुठल्या प्रणालीत नाही.

आणि हेही कबूल करायला हवं, की २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही साधी गोष्ट नव्हे. झरी जामणीच्या कोपऱ्यातल्या माणसाला एका उताऱ्यासाठी दिवस मोडून, एसटीचं भाडं भरून, पटवारी भेटेल या आशेवर जावं लागायचं. ते वाचलं. आता तो उतारा घेऊन माणूस बँकेत जातो. बँकेतला बाबू उतारा उजेडात धरून बघतो आणि म्हणतो, 'याच्यावर शिक्का नाही.' माणूस सांगतो, याला शिक्का लागत नाही, खाली तसं लिहिलेलंच आहे. बाबू म्हणतो, 'तेच पटवाऱ्याच्या शिक्क्यानिशी लिहून आणा.'

सातबाऱ्यावर किती माणसं किती काळ अडकून पडलेली असतात, हे २०२५ साली सगळ्यांना दिसलं. त्या वर्षी बुलढाण्यातून सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर लागू झाली. मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. आजा वारला, बाप वारला, नातवाचे केस पांढरे झाले, पण वावर अजून आज्याच्या नावावर. पीककर्ज मागायला गेलं की बँक म्हणते, खातेदाराला घेऊन या. दुसऱ्या टप्प्यात जुने शेरे काढायचं ठरलं, आणि तिथं खरा खजिना निघाला. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालक कर्ता. पोरगा लहान असताना बाप गेला, तेव्हा काकाचं नाव पालक म्हणून लागलं. काका जाऊन किती पावसाळे झाले. पोरगा आता सत्तरीत, दोन्ही गुडघ्यांनी गेलेला, सरपंच होऊन उतरलेला, आणि सरकारदप्तरी अजून अज्ञान. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कुटुंब फुटलं, चुली सात झाल्या, भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, पण मॅनेजर आपल्या खुर्चीवर कायम. तगाईच्या नोंदी आहेत, बंडिंगचे बोजे आहेत; रक्कम बघितली तर आज तेवढ्यात एक पाण्याची बाटली येत नाही, आणि बोजा मात्र उतरलेला नाही. इतक्या वर्षांत हे सगळे शेरे शाईतून टंकात, टंकातून युनिकोडमध्ये इमानेइतबारे नेले गेले. कुणी विचारलं नाही की हे न्यायचं का. आधुनिकीकरणात विचारायचं नसतं. न्यायचं असतं.

आता बारा नंबर. पूर्वी पीक पाहणीला पटवाऱ्यानं शेतात यायचं असे. पटवारी यायचा नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. तो गावात बसून विचारायचा, 'यंदा काय?' लोक सांगायचे, 'गेल्या सालचंच.' काम झालं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि पटवाऱ्याचं न केलेलं काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलं. शेतात जा, ॲप उघडा, गट निवडा, पीक निवडा, फोटो काढा, विहीर सांगा, बांधावरची झाडं मोजा. काकांकडं साधा फोन, म्हणून पुतण्याला धरून आणलेला.

'काका, पीक कोणतं टाकू?'

'पराटी.'

'आन् हे तुरीचं तास?'

'आठ तासांमांगं एक तुरीचं. सारे तसंच पेरते.'

'तुरीचं क्षेत्र इचारून राह्यलं ना. हेक्टरात.'

'मंग टाक नवातला एक हिस्सा.'

'किती होते तो?'

'मले काय इचारतं बे? शाळेत तू गेल्ता.'

एवढ्यात ॲप सांगतं, की आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात. काका आपल्या स्वतःच्या विहिरीच्या काठाला टेकून उभे.

'मंग मी कोठी हाओ?'

'नकाशात शेजाऱ्याच्या वावरात दिसून राह्यले.'

काका विहिरीकडं बघतात, धुऱ्याकडं बघतात. या धुऱ्यावरून दोन घराण्यांत तीस वर्षं दिवाणी दावा चालू आहे. 'पाह्य बाप्पा,' काका म्हणतात, 'एवढे वकील केले, अन् मोबाइलनं फुकटात निकाल देल्ला. तोही त्याच्याकडून.' यात मोबाइलची चूक नाही. जमिनीचे मूळ नकाशे शंकू-साखळीनं मोजून काढलेले, कापडावर चिकटवलेले, दमट खोलीत आकसलेले. ते स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवले, की कुणाची तरी विहीर कुणाच्या तरी वावरात जाणारच. आता भूमी अभिलेखवाले रोव्हर घेऊन येतात आणि सेंटिमीटरात मोजतात. इतकं अचूक मोजल्यावर भांडणंही सेंटिमीटरात होऊ लागली आहेत.

फोटो शेतात काढायचा आणि पाठवायचा मारोतीच्या पारावरून, कारण नेट तिथंच लागतं. टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाला असलेल्या गावांत संध्याकाळी पाच नंतर शेतात थांबायला कुणी राजी नसतं. तिथं वाघ आहे. शिवाय रोही आणि रानडुकरं रोज रात्री गट न चुकता, क्षेत्र न विचारता पीक पाहणी करून जातात.

हे झालं रयतेचं. सरकारच्या स्वतःच्या जमिनीचं काय? वऱ्हाडात सरकारी जमिनीला अजूनही ई-क्लास म्हणतात. गावच्या गुरांना चरायला ठेवलेली, सातबाऱ्यावर मालक सरकार. कागदावर तिथं गुरं चरतात. प्रत्यक्षात तिथं अंगणवाडी आहे, समाजमंदिर आहे, पाण्याची टाकी आहे, दोन घरकुलं आहेत, मोबाइलचा टॉवर आहे, आणि उरलेल्या जागेत बाभळी. गुरांना हा फेरफार कळला. ती केव्हाच रस्त्यावर येऊन बसली. सरकारला अजून कळायचा आहे. काकांच्या बांधावर निंबाची किती झाडं आहेत हे सरकारला फोटोसकट माहीत असतं, पण आपला ई-क्लास नेमका कुठं संपतो हे विचारलं, तर कोतवालाला बोलवावं लागतं. कोतवाल येतो आणि काठीनं दाखवतो. माझ्या मते राज्यातली सगळ्यांत भरवशाची भू-माहिती प्रणाली ही काठीच आहे.

आपलंच असं आहे, असं मानून कुणी लाजू नये. पैनगंगेपलीकडं तेलंगण. तिथं २९ ऑक्टोबर २०२० ला 'धरणी' नावाचं पोर्टल थाटात सुरू झालं. जमिनीचं सगळं त्यावर. तीन वर्षांत त्यातल्या चुका इतक्या बोलक्या झाल्या, की २०२३ च्या निवडणुकीत पोर्टल हाच प्रचाराचा मुद्दा झाला, आणि ते बंगालच्या उपसागरात फेकण्याची भाषा झाली. सरकार बदललं, आणि १४ एप्रिल २०२५ ला 'भू-भारती' आलं. आमच्याकडे कापसाच्या भावावर निवडणुका होतात. सॉफ्टवेअरवर सरकार पडलेलं बघायला नदी ओलांडावी लागली.

अमेरिकाही काही वेगळी नाही. तिथं भूमी व्यवस्थापनाचं एक केंद्रीय खातं आहे, २४ कोटी एकरांवर सरकारी जमीन त्याच्या ताब्यात, आणि जमिनीखालची खनिजं त्याहून कितीतरी जास्त क्षेत्रावर. या सगळ्याचा हिशेब वर्षानुवर्षं 'एलआर-२०००' नावाच्या प्रणालीत होता. २०२० च्या सुमारास ती मोडून नवी आणायला सुरुवात झाली. नवं सगळं ढगात, म्हणजे क्लाउडमध्ये. पण खाणीचा हक्क सांगायचा कायदा अजून १८७२ चाच. माळरानावर जाऊन हद्दीच्या कोपऱ्यांना खुंट ठोकायचे, ही रीत आजही चालते. हे वाचून मला कोतवालाच्या काठीबद्दल फारच आदर वाटला.

आता खनिजं. वणीच्या बाजूला जमिनीखाली कोळसा आहे. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, जुनाड, मुंगोली अशा खाणी. मुकुटबनकडं चुनखडी आणि सिमेंट, राजूरला चुन्याच्या भट्ट्या. वणीत पांढरा शर्ट वाळत घातला, तर संध्याकाळी खनिज खात्यानं रॉयल्टी मागावी इतका जड होतो. कोळसा हे प्रमुख खनिज, त्याचा कारभार दिल्लीच्या कायद्यानं आणि नागपूरच्या वेकोलिकडून, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सकडून. खाणीतून निघालेल्या मातीचे असे डोंगर उभे आहेत, की नकाशात सपाट माळ आणि डोळ्यांपुढं घाट. यात्रेला आलेली पोरं विचारतात, हा कोणता किल्ला.

जिल्ह्याच्या वाट्याला येतं ते गौण खनिज. मुरूम, गिट्टी आणि रेती. यातली रेती हा गौण शब्दाला न शोभणारा विषय आहे. वर्धा, पैनगंगा, अडाण, अरुणावती, बेंबळा या नद्यांत पाणी किती आहे याची चौकशी पाटबंधारे खातं करतं. रेती किती आहे हे मात्र सगळ्यांनाच माहीत असतं. तिच्यासाठी सरकारनं 'महाखनिज' ही प्रणाली केली. घाट ऑनलाइन, लिलाव ऑनलाइन, वाहतुकीचा पास ऑनलाइन, टिप्परला जीपीएस. पासावर कुठून निघाला, कुठं चालला, किती ब्रास, आणि किती वाजेपर्यंत पोचायचं हे सगळं. आमच्या लग्नपत्रिकेवरही एवढी वेळ पाळली जात नाही.

धोरणही प्रणालीइतकंच अद्ययावत. २०२३ साली ठरलं, की सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासनं रेती द्यायची. लोकांनी ऑनलाइन मागणी नोंदवायला शिकून घेतलं. ते शिकून होतं न होतं, तोच २०२५ साली डेपो बंद आणि पुन्हा लिलाव. घरकुलवाल्यांना पाच ब्रास फुकट. फुकट म्हणजे रेती फुकट. ती आणायचा टिप्पर फुकट नाही, आणि घाट चालू असेल तर.

शेवटची गोष्ट एका तहसिलीच्या आवारातली. कोणत्या, ते असू द्या. जिल्ह्यात सोळा तहसिली आहेत. आवारात पकडून आणलेले ट्रॅक्टर उभे, एकाच्या ट्रॉलीतून बाभूळ उगवून मोठी झालेली. बाजूला जप्त रेतीचा मोठा ढीग. कचेरीची स्वच्छतागृहं बांधायचं काम निघालं. कंत्राटदार साहजिकच म्हणाला, 'साहेब, रेती हे समोरच हाय. जमा करून घ्या पैसे, इथूनच उचलतो.'

बाबूनं सिस्टम उघडली. 'स्रोत कोणता टाकू?'

'म्हंजे?'

'कोणत्या घाटाची रेती? सिस्टम मागते.'

ती चोरीची रेती. कोणत्या घाटाची हे चोराला ठाऊक, आणि तो जामिनावर. बाबूनं दोनतीन घाट टाकून बघितले. प्रत्येकाचा लिलाव शिल्लक, पास निघेना. स्रोत नाही, तर पास नाही. पास नाही, तर उचल नाही. 'समोर आहे,' बाबू म्हणाला, 'पण सिस्टममध्ये नाही.'

कंत्राटदार शहाणा माणूस, वाद घातला नाही. त्यानं दूरच्या घाटावरून रीतसर पास काढून, रीतसर जीपीएसच्या टिप्परात रेती मागवली. वाटेत टायर बसलं. टायर बदलून टिप्पर गावाच्या वेशीवर आला तेव्हा पासाची वेळ संपून गेली होती, आणि वेशीवर पथक उभं होतं. पंचनामा झाला. टिप्पर तहसिलीच्या आवारात आणून लावला आणि रेती, नियमाप्रमाणं, त्याच ढिगावर ओतली.

कंत्राटदार बाजूला उभा राहून बघत होता. 'साहेब,' तो म्हणाला, 'पोचली तर पत्त्यावरच ना?'

'पोचली,' बाबू म्हणाला, 'पण आता ही जप्त आहे. स्वच्छतागृहासाठी नवा पास काढावा लागेल.'